दोन डेटाबेस जोडले की आकडे जुळत नाहीत, क्वेरी संपत नाही: बघायचं कुठे?

ऑर्डर एका डेटाबेसात, पैसे जमा झाल्याच्या नोंदी दुसऱ्यात, ग्राहकांची माहिती तिसऱ्यात. महिना संपला की तिन्ही जोडून अहवाल काढायचा. पहिल्या महिन्यात तो बरोबर येतो, निदान आपल्याला तसं वाटतं. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी विचारतं, "काल हाच आकडा वेगळा होता ना?" मग दोन दिवस शोधाशोध होते, कुठेतरी एक ट्रिम (कडेच्या रिकाम्या जागा कापणारं फंक्शन) लावला जातो, आकडा जुळतो आणि सगळे सुटलो म्हणतात. पुढच्या महिन्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तक्रार एकच असली तरी कारण दर वेळी निराळं असतं, म्हणून हे दुखणं जात नाही. एकाच डेटाबेसात काम करताना बऱ्याच गोष्टी आपल्यासाठी मुकाट्याने सांभाळल्या जात असतात. फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी बांधणारा नियम, असते, त्यामुळे बेवारस ओळ आत शिरत नाही. मजकुराची तुलना ठरलेल्या कोलेशनने, म्हणजे अक्षरांच्या तुलनेच्या नियमांनी, होते. घड्याळ एक असतं. एका क्वेरीला सगळी टेबलं एकाच क्षणाची दिसतात. कुठलं टेबल आधी वाचायचं हे ठरवणाऱ्या प्लॅनरला दोन्ही बाजूंचे आकार माहीत असतात. टेबलं दोन सर्व्हरवर गेली की ही राखण एका झटक्यात उठते, आणि क्वेरी मात्र तशीच चालत राहते. एररसुद्धा येत नाही. त्यामुळे दुरुस्तीकडे वळण्याआधी यातला कुठला राखणदार गेला ते शोधायचं.

एक अपवाद आधीच सांगून टाकतो. एकाच मायएसक्यूएल सर्व्हरवरचे दोन डेटाबेस हे खरं तर दोन स्कीमा असतात. टेबलाच्या नावाआधी डेटाबेसचं नाव लिहिलं की जॉइन, म्हणजे दोन टेबलांच्या ओळींची जोडणी, होतो, आणि इनोडीबी या त्याच्या नेहमीच्या साठवण-इंजिनात त्यांच्यात फॉरेन कीसुद्धा लावता येते. तुमचा प्रश्न एवढाच असेल तर खालचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. पोस्टग्रेसमध्ये मात्र एकाच सर्व्हरवरचे दोन डेटाबेसही एकमेकांना दिसत नाहीत. तिथे दूरचं टेबल इथलंच असल्यासारखं दाखवणारा फॉरेन डेटा रॅपर, म्हणजे एफडीडब्ल्यू, किंवा जुनं डीबीलिंक लागतंच.

आधी तीन आकडे काढा

"आकडा चुकतोय" एवढ्यावर काहीच शोधता येत नाही. डावीकडच्या टेबलात किती ओळी, उजवीकडे किती आणि जॉइननंतर किती, हे तीन आकडे काढून कागदावर लिहा. जॉइननंतर ओळी कमी झाल्या तर किल्ल्या (ज्यांवर ओळी जोडतो ते क्रमांक किंवा कोड) जुळत नाहीयेत. वाढल्या तर एका किल्लीला दोन जोडीदार मिळतायत. दर वेळी वेगळ्या आल्या तर वेळेचा घोळ आहे. आणि ओळी तितक्याच येऊनही माणसं म्हणत असतील की माहिती चुकीची आहे, तर तो सगळ्यात वाईट प्रकार. त्याकडे पुढे येतो.

इनर जॉइन न जुळलेली ओळ गुपचूप गिळतो. मी दोन डेटाबेस जोडताना पहिली क्वेरी कधीच इनर जॉइनची लिहीत नाही. आधी डावीकडच्या सगळ्या ओळी ठेवणारा लेफ्ट जॉइन करून उजवी किल्ली नल (किंमतच नसलेली) असलेल्या ओळी मोजतो, मग बाजू उलटून तेच करतो. हा आकडा शून्य आला तर संशय वाढतो, कारण दोन वेगळ्या सिस्टिमच्या किल्ल्या पहिल्याच फटक्यात शंभर टक्के जुळणं हे माझ्या अनुभवात फार क्वचित होतं.

त्या शून्यावर मी एकदा तोंडावर आपटलोय. न जुळलेल्या ऑर्डर शोधायला घाईत "नॉट इन" वापरलं होतं. उत्तर शून्य आलं, मी खूश होऊन अहवाल पाठवून दिला. आतल्या सबक्वेरीत एका नोंदीची किल्ली नल होती. "नॉट इन"च्या यादीत एक जरी नल असला तरी तुलना "माहीत नाही" अशी ठरते आणि एकही ओळ बाहेर येत नाही. म्हणजे शून्य हे उत्तर डेटा कसाही असता तरी आलंच असतं. तेव्हापासून "नॉट एक्झिस्ट्स" किंवा लेफ्ट जॉइन, तिसरं काही नाही.

ओळी कमी येतात: किल्ल्या डोळ्यांना सारख्या, यंत्राला वेगळ्या

न जुळलेल्या ओळींतल्या वीस किल्ल्या काढा आणि समोरच्या बाजूला त्यांच्या जवळपासचं काय सापडतं ते हाताने बघा. पाच मिनिटांत अंदाज येतो. एका बाजूला '००७४५' असा मजकूर आणि दुसऱ्या बाजूला ७४५ हा पूर्णांक, हे तर रोजचंच. कुणीतरी मधल्या काळात फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून परत सेव्ह केली असेल तर पुढची शून्यं तिथेच गळलेली असतात. अशा वेळी दोन्ही बाजू पूर्णांकात नेण्याचा मोह आवरा. कोडची लांबी ठरलेली असेल तर मजकूरच ठेवा आणि डावीकडे शून्यं भरून घ्या. नाहीतर उद्या कोडमध्ये एखादं अक्षर आलं की सगळी क्वेरी कोसळते.

कोलेशन हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार. मायएसक्यूएलची नेहमीची कोलेशनं लहान-मोठ्या लिपीत फरक करत नाहीत, पोस्टग्रेस करतं. मायएसक्यूएलच्या जुन्या 'जनरल-सीआय' कोलेशनमध्ये शब्दाच्या शेवटची रिकामी जागा तुलनेत धरलीच जात नाही. आवृत्ती ८.० पासून जे नवं '०९००' कोलेशन डीफॉल्ट झालं त्यात ती धरली जाते. पोस्टग्रेसच्या टेक्स्ट कॉलमलाही शेवटची जागा महत्त्वाची वाटते, पण ठरावीक लांबीच्या कॅरॅक्टर कॉलमला नाही. त्यामुळे एका बाजूला वर्षानुवर्षं सुखाने जुळत असलेल्या किल्ल्या दुसऱ्या बाजूला नेल्या की जुळेनाशा होतात, आणि डेटा तर कुणी बदललेला नसतो. एकाच सर्व्हरवर कोलेशनची भांडणं झाली तर निदान ओरडा तरी होतो. मायएसक्यूएल १२६७ क्रमांकाची एरर देतं, एसक्यूएल सर्व्हर ४६८ देतं. दोन सर्व्हरमध्ये एफडीडब्ल्यूने किंवा स्क्रिप्टने जोडताना तेवढंही होत नाही.

ओरॅकलमधून डेटा येत असेल तर आणखी एक: ओरॅकलला रिकामी स्ट्रिंग आणि नल एकच. बाकीच्यांना नाही. शाखा-कोड आणि उप-कोड अशी दोन कॉलमांची किल्ली असेल आणि उप-कोड कधीकधी रिकामा असेल, तर ओरॅकलकडून नल येतो, पोस्टग्रेसकडे रिकामी स्ट्रिंग असते, आणि नेमक्या त्याच ओळी गळतात. दोन्हीकडे नलच्या जागी ठरलेली किंमत घालणारं कोअलेस लावून एकच रूप ठरवा.

मराठी मजकूर किल्ली म्हणून वापरला जात असेल तर देवच वाचवो, पण वर्गवारीच्या नावांवर जोडणी केलेली मी पाहिली आहे, आणि तिथे काय होतं ते बघण्यासारखं आहे. 'तऱ्हा' हा शब्द घ्या. एका कीबोर्डवरून तो त, ऱ, हलन्त, ह आणि काना असा पाच युनिकोड अक्षरांचा येतो. दुसऱ्यावरून 'तर्‍हा' येतो: त, साधा र, हलन्त, न दिसणारं जोडाक्षर-चिन्ह म्हणजे झेडडब्ल्यूजे, ह, काना. ही झाली सहा अक्षरं. तिसऱ्या ठिकाणी र आणि खालचा नुक्ता वेगवेगळे साठवलेले असतात, तीही सहाच. पडद्यावर तिन्ही तंतोतंत सारखे दिसतात. यूटीएफ-८ मध्ये पहिला १५ बाइटचा आणि उरलेले दोन १८ बाइटचे. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या कोलेशनला हे तीन निरनिराळे शब्द आहेत. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणणं, केलं, जे पोस्टग्रेस १३ पासून 'नॉर्मलाइझ' फंक्शनने होतं, तर पहिला आणि तिसरा एक होतात. दुसरा तरीही वेगळाच राहतो, कारण युनिकोडच्या लेखी तो मुळातच निराळा अक्षरक्रम आहे. तो हाताने बदलून घ्यावा लागतो. म्हणून संशयास्पद किल्लीची फक्त किंमत छापू नका. तिच्या शेजारी अक्षरांची लांबी आणि बाइटची लांबी छापा. न दिसणाऱ्या चिन्हांचं पितळ तिथे लगेच उघडं पडतं. वेब पानावरून कॉपी केलेल्या मजकुरातली न तुटणारी रिकामी जागासुद्धा अशीच सापडते. साधा ट्रिम तिला हात लावत नाही.

ही सफाई दर क्वेरीत जॉइनच्या अटीत लिहू नका. अटीत फंक्शन आलं की त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स निरुपयोगी होतो. शिवाय सहा महिन्यांनी तीन अहवालांत सफाईच्या तीन तऱ्हा झालेल्या असतात. स्वच्छ किल्लीचा वेगळा कॉलम एकदाच बनवा, त्यावर इंडेक्स लावा आणि सगळ्यांनी त्यावरच जोडा.

ओळी जास्त येतात

हे त्यामानाने सोपं. एका ऑर्डरचे पैसे दोन हप्त्यांत आले असतील तर जॉइननंतर ऑर्डर दोनदा दिसते आणि ऑर्डरच्या रकमेची बेरीज दुप्पट होते. उपाय एकच: दोन्ही बाजू आधी किल्लीमागे एक ओळ अशा गोळा करा, मगच जोडा. घाईत डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच दाखवणारा शब्द) टाकून ओळी कमी करणारे भेटतात. त्याने लक्षण झाकतं, आणि खरोखर सारख्या रकमेचे दोन व्यवहार असतील तर त्यातला एक उडतो.

दोन डेटाबेसांमुळे यात एक खास भर पडते. मायएसक्यूएलच्या बाजूला ईमेलवर युनिक की आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो. पोस्टग्रेसच्या बाजूलाही युनिक की आहे. पण तिथे मोठ्या अक्षरातला आणि लहान अक्षरातला असे एकाच माणसाचे दोन ईमेल सुखाने नांदत असतात. जोडण्यासाठी दोन्हीकडे लोअर लावलं की एकाला दोन जोडीदार मिळतात. युनिक आहे हे वाचून विश्वास ठेवू नका. सफाईनंतरच्या किल्लीवर ग्रुप बाय करून एकापेक्षा जास्त येणाऱ्या किल्ल्या मोजा.

ओळी बरोबर, माणसं चुकीची

दोन सिस्टिममध्ये ग्राहक क्रमांक आपोआप वाढणारा असेल तर दोन्हीकडे १ पासून सुरुवात झालेली असते. १७ क्रमांकाचा ग्राहक इकडेही आहे आणि तिकडेही आहे, फक्त तो एकच माणूस नाही. जॉइन एकही ओळ न सांडता, एकही ओळ न वाढवता पूर्ण होतो. वरचे तीन आकडे इथे काही कामाचे नाहीत.

मी ज्या कामावर होतो तिथे दोन ठिकाणचे ग्राहक एकत्र आणल्यावर हे झालं होतं. पहिल्या काही शे क्रमांकांची माणसं योगायोगाने खरोखर एकच होती, कारण सुरुवातीला दुसरी सिस्टिम पहिलीची प्रत काढून बनवली होती. वरच्या दहा ओळी बघून आम्ही समाधानी झालो. पुढे दोन्हींचे रस्ते वेगळे झाले होते, आणि तो फाटा वरच्या दहा ओळींत दिसणार कसा? म्हणून नमुना तपासताना पहिल्या ओळी कधी घेऊ नका. यादृच्छिक वीस ओळी काढा आणि किल्ली सोडून दुसरा एखादा कॉलम, उदाहरणार्थ नाव किंवा नोंदणीची तारीख, दोन्हीकडे ताडून बघा.

यावर टिकाऊ उपाय म्हणजे जुळणीचं वेगळं टेबल. त्यात तीन कॉलम पुरतात: आपला स्वतःचा क्रमांक, स्रोताचं नाव आणि त्या स्रोतातला क्रमांक. स्रोत आणि क्रमांक या जोडीवर युनिक की लावा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं.

आकडा दर वेळी वेगळा येतो

इथे दोन संशयित असतात, टाइमझोन आणि स्नॅपशॉट, म्हणजे क्वेरीला दिसणारा डेटाचा एका क्षणाचा फोटो. दोघांची लक्षणं वेगळी आहेत.

महिन्याची एकूण बेरीज जवळपास जुळते पण रोजच्या बेरजा जुळत नाहीत, असं असेल तर टाइमझोन. न जुळलेल्या ओळी तासावर ग्रुप करून बघा. फरक मध्यरात्रीच्या आसपासच्या तासांत गोळा झालेला दिसला की खात्री झाली. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प प्रकार आत यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवतो आणि दाखवताना सेशनच्या टाइमझोनमध्ये बदलून देतो. डेटटाइम प्रकार काहीच बदलत नाही, जे लिहिलं तेच परत देतो. पोस्टग्रेसमध्येही टाइमझोनसहित आणि टाइमझोनविना असे दोन प्रकार आहेत. आता हा भाग बघा: पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू दूरच्या सर्व्हरवर जोडणी उघडताना तिथला टाइमझोन ठरावीक ठेवतो, तुमच्या सेशनचा नाही. त्यामुळे दूरच्या बाजूला जे तारखेत रूपांतर व्ह्यूच्या आत होतं, ते तुम्ही थेट लॉगिन करून पाहिलेल्या उत्तरापेक्षा वेगळं असू शकतं. तारीख कापण्याचं काम एकाच बाजूला, एकाच ठिकाणी करा. दूरून पूर्ण वेळ यूटीसीमध्ये आणा.

फरक छोटा असेल, दर वेळी बदलत असेल आणि कायम ताज्या नोंदींपुरताच असेल, तर तो स्नॅपशॉट. पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू दूरच्या बाजूला रिपीटेबल रीड पातळीचा व्यवहार (पैशांचा नव्हे, डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन) उघडतो, म्हणून तुमच्या एका व्यवहारात त्या एका सर्व्हरचं चित्र स्थिर राहतं. पण दोन दूरचे सर्व्हर असतील तर प्रत्येकाचा फोटो वेगळ्या क्षणी निघतो. पहिल्याचा आत्ता, दुसऱ्याचा त्याला पहिल्यांदा हात लागेल तेव्हा. मधल्या काळात आलेल्या पैशांना त्यांची ऑर्डर सापडत नाही.

उपाय म्हणून सगळे कट-ऑफ लावतात: अमुक वेळेपर्यंतच्याच नोंदी घ्यायच्या. कल्पना बरोबर आहे, पण त्यातही एक चोरवाट राहते. पोस्टग्रेसमध्ये 'नाऊ' हे फंक्शन व्यवहार सुरू झाल्याची वेळ देतं, कमिट (पक्का) झाल्याची नाही. व्यवहार बारा वाजायला दोन मिनिटं असताना सुरू झाला आणि बारा वाजून पाच मिनिटांनी कमिट झाला, तर ओळीवर बाराच्या आतली वेळ असते, पण बारा वाजून एक मिनिटाने चाललेल्या तुमच्या क्वेरीला ती दिसलेलीच नसते. दुसऱ्या दिवशी तीच क्वेरी त्याच कट-ऑफने चालवली की आकडा वाढतो, आणि मग "काल वेगळा होता ना?" कट-ऑफ आणि क्वेरी चालवण्याची वेळ यांत तुमच्याकडच्या सगळ्यात लांब व्यवहारापेक्षा जास्त अंतर ठेवा.

क्वेरी संपतच नाही

आकडे बरोबर आले की मग वेगाकडे वळायचं. क्रम उलटा करू नका. चुकीचं उत्तर लवकर मिळवून करायचंय काय?

एफडीडब्ल्यू असेल तर अंदाज बांधत बसू नका, क्वेरी कशी चालणार ते सविस्तर दाखवणारा एक्सप्लेन व्हर्बोज चालवा. त्यात 'रिमोट एसक्यूएल' अशी ओळ येते. दूरच्या सर्व्हरला प्रत्यक्षात काय पाठवलं जातंय ते तिथे शब्दशः दिसतं. त्या ओळीत तुमची व्हेअरची अट दिसत नसेल तर अख्खं टेबल तारेवरून इकडे येतंय आणि गाळण इथे होतेय. ऐंशी टक्के नसलं तरी बरंचसं दुखणं या एका ओळीत सापडतं.

अट पाठवली का जात नाही? माझ्या पाहण्यातलं सगळ्यात हमखास उदाहरण म्हणजे "गेल्या २४ तासांतल्या नोंदी". लिहिणारा अगदी सहज 'नाऊ वजा एक दिवस' लिहितो. पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू फक्त इम्यूटेबल, म्हणजे त्याच इनपुटला कायम तेच उत्तर देणारी, फंक्शनं आणि ऑपरेटर दूर पाठवतो. 'नाऊ' हे इम्यूटेबल नाही, त्यामुळे ती अट इकडेच राहते आणि दूरचं टेबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाहून येतं. तारीख स्क्रिप्टमध्ये काढून स्थिर किंमत म्हणून क्वेरीत घाला आणि एक्सप्लेन पुन्हा बघा. रिमोट एसक्यूएलमध्ये अट अवतरलेली दिसेल. स्वतः बनवलेली फंक्शनं, एक्स्टेंशनमधले प्रकार आणि कोलेशन न जुळणारी मजकुराची तुलना यांनाही हीच आडकाठी होते.

दुसरा चिमटा फेच-साइझचा. पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू एका वेळी १०० ओळी आणतो, ते डीफॉल्ट आहे. दहा लाख ओळी आणायच्या तर दहा हजार फेऱ्या. एका फेरीला दोन मिलिसेकंद धरले तरी वीस सेकंद नुसत्या येण्याजाण्यात जातात, आणि सर्व्हर लांबच्या डेटा सेंटरमध्ये असून फेरी पन्नास मिलिसेकंदांची असेल तर आठ मिनिटांच्या वर. फेच-साइझ १०,००० केलं की फेऱ्या शंभरावर येतात. ओळी फार रुंद असतील तर मेमरीकडे लक्ष ठेवा, बाकी यात तोटा नाही.

प्लॅनर चुकीचा रस्ता घेत असेल तर त्यालाही दोष देऊन चालत नाही, त्याला दूरच्या टेबलाचा आकारच माहीत नसतो. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची आपोआप चालणारी देखभाल, फॉरेन टेबलांचं अॅनालाइझ (आकाराची मोजदाद) करत नाही. ते तुम्हालाच अधूनमधून करावं लागतं. नाहीतर यूज-रिमोट-एस्टिमेट हा पर्याय चालू करा, मग प्लॅन बनवताना तो दूरच्या सर्व्हरलाच विचारतो. तेवढा वेळ प्लॅनिंगला जादा जातो.

दोन टेबलं एकाच दूरच्या सर्व्हरवर असतील तर पोस्टग्रेस ९.६ पासून जॉइन तिकडेच होऊ शकतो, आणि १० पासून बेरीज-सरासरीही तिकडेच होऊन येऊ शकते. दोन वेगवेगळ्या सर्व्हरवर असतील तर कुठलीही जादू नाही, एका बाजूला तरी डेटा वाहावाच लागतो. मग लहान बाजू मोठीकडे न्या. लहान बाजूच्या गाळलेल्या ओळी तात्पुरत्या टेबलात आणा, इंडेक्स लावा, अॅनालाइझ करा आणि मग जोडा. तीन ओळींची ही पायरी दिसायला गावठी आहे, पण मी पाहिलेल्या बहुतेक हुशार क्वेऱ्यांपेक्षा लवकर संपते. एसक्यूएल सर्व्हरच्या लिंक्ड सर्व्हरवर चार भागांचं नाव लिहून जोडण्याऐवजी ओपनक्वेरीने दूरची क्वेरी जशीच्या तशी तिकडे चालवा. ओरॅकलच्या डीबी लिंकवर ड्रायव्हिंग-साइट हिंट देऊन काम कुठे व्हावं ते सांगता येतं. स्क्रिप्टमधून किल्ल्यांची यादी 'इन'मध्ये पाठवत असाल तर ओरॅकल १९सीमध्ये एका यादीत १००० च्या वर किमती चालत नाहीत, तुकडे करावे लागतात.

"मुख्य डेटाबेसवर ताण नको, रेप्लिकावर चालवा" हा सल्ला योग्यच. पण पोस्टग्रेसच्या रेप्लिकावर, म्हणजे मुख्य डेटाबेसच्या चालू प्रतीवर, लांब क्वेरी रिकव्हरीच्या (मुख्य बाजूचे बदल लावण्याच्या) आड आली तर ती मध्येच रद्द होते. थांबण्याची डीफॉल्ट मुदत ३० सेकंद आहे. कधी चालते, कधी तुटते अशी तक्रार असेल तर क्वेरीत शोधण्याआधी तिथे बघा.

ट्रिनो, डकडीबी, की सगळं एकत्र आणून ठेवायचं?

एकदाच्या तपासणीसाठी मी हल्ली डकडीबी हा आपल्या मशीनवर चालणारा छोटा डेटाबेस उघडतो. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट तिन्ही अटॅच करता येतात आणि जॉइन आपल्याच मशीनवर होतो. न जुळलेल्या किल्ल्या हुडकायला याहून सोयीचं मला काही सापडलेलं नाही.

ट्रिनो, म्हणजे २०२० पर्यंत प्रेस्टोएसक्यूएल या नावाने ओळखलं जायचं ते, अनेक लोकांना अनेक स्रोतांवर एकच एसक्यूएल लिहू देतं. त्याला "सगळ्याचं औषध" समजून बसवलं जातं, आणि मग मजकुराच्या कॉलमवरची साधी अट हळू का चालते म्हणून डोकं धरलं जातं. ट्रिनोचा मायएसक्यूएल कनेक्टर मजकुराच्या कॉलमवरच्या अटी तिकडे पाठवतच नाही. मुद्दाम. तिकडची तुलना लहान-मोठी लिपी एक मानणारी असू शकते आणि उत्तर चुकेल, म्हणून तो वेग सोडतो आणि अचूकपणा धरतो. वरचं कोलेशनचं रामायण पुन्हा इथे भेटतं ते असं. शक्य असेल तिथे अंकाच्या किंवा तारखेच्या कॉलमवर गाळा.

अहवाल रोजचा असेल तर प्रत काढून एका ठिकाणी आणणंच बरं. बहुतेक जण 'शेवटचा बदल' या कॉलमवरून कालपासूनच्या ओळी उचलतात. यात उशिरा कमिट झालेल्या ओळी निसटतात, तेव्हा खिडकी थोडी मागून सुरू करा आणि प्राथमिक किल्लीवर अपसर्ट (ओळ असेल तर बदल, नसेल तर भर) करा, म्हणजे दोनदा आलेली ओळ त्रास देत नाही. खोडलेल्या ओळींना मात्र 'शेवटचा बदल' नसतोच. त्या प्रतीत भुतासारख्या राहतात आणि वर्षभराने प्रत मूळ टेबलापेक्षा मोठी होते. त्यासाठी अधूनमधून दोन्हीकडच्या किल्ल्यांची अख्खी यादी ताडायची, किंवा बदलांचा लॉगच वाचायचा. डेबेझियमसारखी साधनं मायएसक्यूएलचा बिनलॉग आणि पोस्टग्रेसचं लॉजिकल डीकोडिंग वाचतात. त्यात खोडणंही कळतं. फक्त प्रयोग म्हणून रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे वाचणाऱ्याने लॉग कुठवर वाचला याची नोंद, बनवून विसरू नका. वाचणारा कुणी नसला की पोस्टग्रेस त्याच्यासाठी लॉग साठवत राहतं आणि डिस्क भरते. १३ व्या आवृत्तीपासून त्याला मर्यादा घालता येते, पण ती आपण घातली तरच.

दोन्ही डेटाबेसांत एकाच वेळी लिहायचं असेल तर तो निराळा विषय आहे, एफडीडब्ल्यूवर विसंबून तो करू नका. दूरचा कमिट झाला आणि इकडचा फसला, अशी फट त्यात उरते.

आता जुळणी एकदा बसवली तरी ती बसलेली राहत नाही, समोरची टीम कधीतरी कॉलमचा प्रकार बदलते आणि आपल्याला कळवत नाही. म्हणून वरचे तीन आकडे आणि दोन्ही बाजूंच्या न जुळलेल्या ओळी जॉब दर वेळी एका छोट्या टेबलात लिहितो. मर्यादा शून्य ठेवलेली नाही, कारण शून्याची मर्यादा रोज वाजते आणि आठवड्यात लोक ती बंद करून टाकतात. माझ्याकडच्या एका जोडणीत डावीकडे कायम एकोणीस ओळी उरतात. त्या जुन्या चाचणी खात्यांच्या ऑर्डर आहेत, त्यांच्या किल्ल्या त्याच टेबलात लिहून ठेवल्या आहेत. विसावी आली की जॉब थांबतो आणि अहवाल कुणालाच जात नाही.